बोलक्या, कानबाई आणि हिरामणभाऊंचं नवंकोरं मशीन

आमच्याकडे नारळ सोलायचा, फोडायचा आणि खवणीवर बसून खवायचा. फार तर देवापुढे वाढवायचा, आणि मग खवायचा. चिपळूणला माझ्या परसात माड आहेत, त्यामुळे नारळाचं कौतुक मला कधी वाटलं नाही. पण त्याच नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, नवं वस्त्र नेसवून चौरंगावर बसवतात आणि बायका त्याच्यापुढे गाणी म्हणतात, हे बघायला मला साठी उलटल्यावर खानदेशात जावं लागलं. ती कानबाई. श्रावणातल्या रविवारी येते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यासाठी लोक घरं रंगवतात, भांडी घासून घासून झिजवतात, आणि रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू दळतात ते घरातल्या माणसांच्या हिशेबानं.

पण खरं सांगायचं तर मी कानबाई बघायला गेलेच नव्हते. मी गेले वैदेहीबरोबर. आणि रविवारपर्यंत कानबाईकडे बघायला मला फुरसतच मिळाली नाही.

वैदेही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिशी ओलांडलेली, जन्मापासून डोळ्यांनी दिसत नसलेली, आणि आवाजाचं काम करणारी. म्हणजे काय, तर रेकॉर्ड केलेलं गाणं संगणकावर घ्यायचं, कोणाचा आवाज पुढे, कोणाचा मागे, काय ठेवायचं, काय काढायचं, ते सगळं बसवायचं. मी सातवी शिकलेली, जन्मभर शिवणाचं मशीन चालवलेली बाई. मला ती म्हणते, "मावशी, तू कापड बेततेस तसं मी आवाज बेतते."

तिच्या संगणकात एक बोलणारा गडी असतो. पडद्यावर जे असेल ते तो तिला वाचून दाखवतो. आम्ही त्याला बोलक्या म्हणतो. माउस तिला उपयोगाचा नाही. ती सगळं कळफलकावरून करते. कळ दाबली की बोलक्या सांगणार, "दुसरा ट्रॅक, आवाज कमी." पुढची कळ, "तिसरा ट्रॅक, बंद." तो इतक्या वेगानं बोलतो की मला तर लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं. तिला शब्दन् शब्द कळतो.

चाळीसगाव ओलांडून

हे काम तिला चिपळूणबाहेरून आलेलं पहिलं. जळगावच्या एका महिला मंडळाला कानबाईची गाणी नीट रेकॉर्ड करून हवी होती, रविवारी कानबाई बसेल तेव्हा मंडपात लावायला. हे जमलं तर पुढे लग्नातली, जात्यावरची, सगळी गाणी तिच्याकडेच येणार होती. काम आणलं हिरामणभाऊंनी. त्यांचा जळगावातल्या मेहरूणला छोटा स्टुडिओ आहे. वैदेहीचा लॅपटॉप जुना, एवढ्या आवाजांचं ओझं त्याला पेलत नाही, म्हणून तो घरीच ठेवून काम त्यांच्या मशीनवर करायचं ठरलं. तिनं फोनवर त्यांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं, कोणतं सॉफ्टवेअर, त्याचं कोणतं व्हर्जन. तिच्या सवयीचं तेच निघालं, म्हणून तर आम्ही निघालो.

गाडीत तिनं मला एकच अट घातली. "मावशी, माझ्याऐवजी बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?"

चाळीसगाव गेलं. समोरच्या बाईनं आम्हाला ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे तिकडचे पापड, दिल्या, आणि वैदेहीकडे बघून मला विचारलं, "हिला तिखट चालतं का?"

मी तोंड उघडलं, मिटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. वैदेही म्हणाली, "चालतं, काकू." ती बाई ओशाळून हसली आणि मग आणखी दोन बिबड्या थेट तिच्याच हातात ठेवल्या.

जळगावला हिरामणभाऊ स्वतः स्टेशनवर आले होते. पन्नाशीचा, गोल, घाईघाईनं बोलणारा माणूस. त्यांच्या घरी कमलवहिनींनी शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. आमच्याकडे तिखट झालं की त्यात नारळाचं दूध घालतात. इथे तिखट झालं की शेजारी ठेचा वाढतात. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. वहिनी म्हणाल्या, "अक्का, रडू नका, सकाळी तेलात मिरची कमी टाकते." सकाळी तेवढीच टाकली होती.

जेवणाआधी वैदेहीनं स्टुडिओत बसून मशीन तपासलं. बोलक्या उतरवून घेतला आणि तो घडाघडा सगळं वाचायला लागला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

पारोळ्याजवळच्या एका गावात

दुसऱ्या दिवशी सकाळी पारोळ्याच्या बसनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, आणि आभाळ नुसतं भरून आलेलं, पडत मात्र नव्हतं. गाणाऱ्या बाई सुभद्राअक्का, गावात त्यांचा आवाज सगळ्यांत जुना.

"कोठली वं माय तू?" त्यांनी मला विचारलं.

"चिपळूणची."

"आते ते कोठे शे?"

"समुद्राजवळ."

"समुद्र! इतलं लांबून गानं आयकाले उनी?" मग त्यांनी वैदेहीचा हात हातात घेतला. "पोरी, तुले दिसस नही. मंग तुले कसं समजस, मी गास का रडस?"

"अक्का, रडताना कोणी इतकं सुरात रडतं का?"

सगळ्या बायका खो खो हसल्या, अक्का सगळ्यांत मोठ्यानं. काम तिथेच अर्धं झालं.

बायका दोन ओळींत बसल्या, समोरासमोर. मध्ये एक चौरंग, धुतलेला, रिकामा. खोली लहान, मला पिशवी ठेवायला जागा सापडेना, म्हणून मी आपली ती चौरंगावर ठेवायला गेले.

"ए माय! तठे नको!" एकदम चार-पाच जणी ओरडल्या.

मी पिशवी छातीशी धरली. अक्का म्हणाल्या, कानबाई रविवारी येईल, पण तिची जागा आधी. भिंतीसमोर गाणं म्हणायचं नसतं. मला वाटलं, असेल एखादी रीत. मी पिशवी घेऊन कोपऱ्यात बसले आणि विसरून गेले. वैदेही तेव्हा दाराशी माइकच्या तारा सोडवत होती.

आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिच्या सांगण्यावरून बायकांनीच प्रत्येक ओळीपुढे एक माइक ठेवला, एक अक्कांपुढे, आणि हातातलं छोटं रेकॉर्डर यंत्र घेऊन ती दाराशी बसली. त्या यंत्राची बटणं उठावदार आहेत, बोटांना लागतात, त्यामुळे तिथे कोणाची गरज नाही. दुपारपर्यंत गाणी झाली. एक ओळ म्हणायची, समोरची ओळ तिला उत्तर द्यायची. कोणाच्या बांगड्या, कोणाचा खोकला, अक्कांचा मध्येच घेतलेला लांब श्वास. येताना बसमध्ये वैदेही म्हणाली, "मावशी, सोनं आहे हे. आता फक्त बिघडवायचं नाही."

मेहरूण, शुक्रवार

स्टुडिओच्या दारात हिरामणभाऊ हात चोळत उभे होते. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"या या! काल दिवसभर बसून बठ्ठं सगळं नवंकोरं करून ठेवलंय तुमच्यासाठी. एकदम ताजं व्हर्जन टाकलं. पाहुण्याला कोणी जुन्या ताटात वाढतं का?"

वैदेही पायरीवरच थांबली. "भाऊ, तुम्ही ते बदललंत?"

"मग! परवा तुम्ही जुन्यावर बसलात, मलाच कसंतरी झालं."

ती आत जाऊन बसली. कळ दाबली.

"बटण," बोलक्या म्हणाला.

तिनं पुढची दाबली. "बटण." त्यापुढची. "बटण. बटण. बटण."

तिची बोटं हळूहळू जात राहिली. कुठेतरी एखादं नाव सापडेल म्हणून ती सगळा पडदा फिरली. बोलक्या एकाच सुरात बटण, बटण म्हणत राहिला. हिरामणभाऊंचं हसू तोवर ओसरलं होतं.

मला तिनं नंतर समजावलं ते असं. पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर एक चित्र असतं आणि त्या चित्रामागे एक नाव लिहिलेलं असतं. दिसणाऱ्याला चित्र, बोलक्याला नाव. नव्या व्हर्जनमध्ये चित्रं छान नवीन काढली आणि मागची नावं लिहायची राहिली. मी मनात म्हटलं, माझ्या शिवणाच्या मशीनचं चाक, दांडी, सुई सगळं कोणी हलवून ठेवलं आणि वर दिवा मालवला, तर मी काय शिवणार?

"जुनं परत घाला की," मी म्हटलं. अट मोडली, पण राहवेना.

जुनं परत येत नव्हतं. नव्यानं जुन्याला पुसून टाकलं होतं आणि कंपनी आता नवंच देत होती. हिरामणभाऊंनी फोन लावले, खटपट केली, घाम पुसला. शनिवारी संध्याकाळी मंडळाचा माणूस गाणी न्यायला येणार होता. कानबाई कोणासाठी थांबत नाही.

मग भाऊ म्हणाले, "एवढं काय! तू सांग, मी माउस चालवतो."

तसं करून बघितलं. वैदेही म्हणायची, "दुसऱ्या ओळीचा आवाज जरासा खाली." भाऊ एकदम तळाला न्यायचे. "इतका नाही, भाऊ." मग एकदम वर. ती सांगणार, ते शोधणार, तोवर गाणं पुढे गेलेलं असणार. एकदा तर तिनं काही सांगितलं नसतानाच ते खूश होऊन म्हणाले, "हे बघ, मध्ये मध्ये कचरा होता, काढून टाकला."

"कसला कचरा?"

"पडद्यावर आवाजाच्या बारीक बारीक रेघा दिसत होत्या ना."

तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. "भाऊ, तो अक्कांचा श्वास होता. आता ती बाई श्वास न घेता गातेय. ऐका तरी."

"पण इथे दिसायला स्वच्छ..."

"दिसायला!"

मी म्हटलं, सरा भाऊ, मी बसते. म्हातारीचा हात हलका असतो. माउस धरला आणि बघते तर नुसती चित्रं. दिसणाऱ्या मला तरी त्यातलं काय कळणार? एकच ओळखीचं दिसलं, कात्री. शिवणाऱ्या बाईचा हात कात्रीकडेच जातो. मी दाबली, माउस जरा घसरला, आणि गाण्याचे दोन तुकडे! वैदेहीनं झटकन एक कळ दाबून ते जोडून घेतलं. सगळ्या जंजाळात तेवढी एक कळ अजून तिचं ऐकत होती.

दुपारी वहिनींनी रश्शातले डुबुकवडे केले होते. ते ताटातच निवले. हिरामणभाऊ शेवटी फार प्रेमानं म्हणाले, "बेटा, त्रास करून घेऊ नको. मी करून टाकतो रात्रीतून. नाव तुझंच लावू. कोणाला कळतंय?"

वैदेहीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला कळेल ना, भाऊ. तुमच्या कामावर माझं नाव नको. माझ्या कामावर लावा, नाहीतर लावूच नका."

वहिनी म्हणाल्या, "ताट वाढून आणू का गरम?"

तिच्यासारखं काम करणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. सगळ्यांनाच डोळ्यांनी दिसत नाही, सगळे आवाजवाले, बोलून निरोप ठेवणारे. तिनं त्यांना विचारलं, इथे जवळपास जुनं व्हर्जन कोणाकडे असेल? उत्तरं यायला लागली. बहुतेकांचं एकच, चुकूनही नवं घेऊ नका, आम्ही पण अडकलोय. दिवेलागणीला साक्रीच्या एका माणसाचा निरोप आला. धुळ्याला यशवंतआबा म्हणून आहेत, मंडप-स्पीकर भाड्यानं देतात, त्यांच्या गोदामात एक मशीन आहे. त्याला इंटरनेट कधीच लावलेलं नाही. म्हातारा खवट आहे, पण मशीन जुनं आहे.

"म्हातारा पण जुनाच असेल," मी म्हटलं.

वैदेही हसली नाही. तिनं पहाटेच्या बसची चौकशी केली.

धुळे, शनिवार

आबांचं गोदाम पत्र्याचं. दोन्ही बाजूंना माणसाएवढे काळे स्पीकर रचलेले, वर झालरी, लग्नाच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं ते मशीन. आबा धोतर-टोपीतले, सत्तरीच्या पुढचे. वैदेहीनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मना मशीनले आजलोंग कोनी हात लावना नही. पोरं बी नही. म्हनीसन तर इंटरनेट लावं नही. आनि ही पोरगी..."

मी खुर्चीची दांडी घट्ट धरली आणि गप्प राहिले.

"आबा, माझ्याशी बोला," वैदेही म्हणाली. "मी पण इथेच आहे."

आबा जरा चपापले. "बरं. तुले सांगस. खराब व्हयनं तर?"

"तर शिव्या द्या. अहिराणीत द्या, मला निम्म्या कळणार नाहीत."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण तिनं बोलक्या आणि गाणी असलेला पेनड्राइव्ह काढला आणि ते पुन्हा ताठ झाले. मागे एका लग्नसराईत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून रोग शिरला होता आणि वरात निघायच्या वेळी मशीन मेलं होतं. पेनड्राइव्ह नाही म्हणजे नाही. आणि बोलक्याशिवाय ते मशीन तिला दगडासारखं.

बाहेर ऊन चढत होतं. मी मनात परतीच्या बसचा हिशेब करत होते.

वैदेही म्हणाली, "आबा, मशीनची वायर कुठल्या बटणाला लावलीय?"

"त्या भीतवरना."

"मग असं करा. तुम्ही खुर्ची घेऊन तिथे बसा, बटणावर हात ठेवून. मशीननं जरा जरी वेडंवाकडं केलं, तर बंद करा. मी एक शब्द बोलणार नाही."

आबांनी विचार केला. मग खरोखरच खुर्ची ओढली, भिंतीशी बसले आणि बटणावर हात ठेवला. असा, पाटलानं काठीवर ठेवावा तसा.

तिनं पेनड्राइव्ह लावला. आणि पुढे काय झालं म्हणून सांगू! ते मशीन जोडलेलं होतं त्या लग्नाच्या स्पीकरांना. बोलक्या जागा झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा गर्जला. गोदामाचा पत्रा थरथरला. बाहेरचं कुत्रं भुंकत सुटलं. "हाऊ कोन बोली राह्यना?" आबा ओरडले आणि त्यांचं बोट बटणावर दाबलं जातंय हे मला दिसलं.

"आबा!" मी किंचाळले. अट गेली चुलीत. "तो तिचा माणूस आहे! वाचून दाखवतोय!"

बोट तिथेच थांबलं. वैदेहीनं चाचपत स्पीकरची वायर काढून कानाला हेडफोन लावले, मग एक कान मोकळा केला. आतून बारीक आवाज येत होता. पहिला ट्रॅक. आवाज पट्टी. दुसरा ट्रॅक. सगळ्यांना नावं होती. तिनं डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला.

मग ती कामाला लागली. ते बघत राहावं असं होतं. बोटं नुसती कळांवरून धावत होती. अर्धं काम झाल्यावर आबा म्हणाले, आयकाड मालेबी. तिनं वायर पुन्हा लावली, आवाज बेतानं ठेवला. अक्कांचा आवाज समोर, ठसठशीत. त्यांच्यामागे बायका पसरलेल्या. श्वास जागच्या जागी.

आबांचा एक हात अजून बटणावरच, दुसरा गुडघ्यावर ताल धरत होता. गाणं संपलं.

"चांगलं शे," ते म्हणाले. "पन कानबाई कोठे बठी?"

"म्हणजे?" वैदेहीनं विचारलं.

"बाया कोनले गाई राह्यन्यात? हाई तर स्टेजवर उभं राहीसन लोकेस्ले गावानं गत वाटस."

वैदेहीच्या कपाळाला आठी पडली. आणि मला एकदम आठवलं. तो चौरंग! मी पिशवी ठेवायला गेले तो. मी तिला ते सांगितलंच नव्हतं. काल दिवसभर मी कात्री आणि बटणं बघत बसले; जे फक्त मीच बघितलं होतं, ते सांगायचं मला सुचलंच नाही.

"वैदेही," मी म्हटलं, "बायका समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये कानबाईचा चौरंग होता. रिकामा. अक्का चौरंगाच्या उजव्या हाताला, ओळीच्या टोकाला."

"अक्का मध्ये नव्हत्या?"

"मध्ये कोणीच नव्हतं."

"मावशी, हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता कळलं मला, की सांगायचं होतं."

मुख्य गाणाऱ्याचा आवाज मध्येच ठेवतात, तसं ती शिकली होती. तो बाजूला न्यायचा म्हणजे सगळं पुन्हा बेतायचं. शिवून झालेला झंपर उसवण्यासारखं. बस कधीची आहे, तिनं विचारलं. मी सांगितलं. आबा म्हणाले, "ती चुकनी तर दुसरी शे. कर तू."

ती उसवायला बसली. एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे, अक्का उजव्या टोकाला. मध्ये मोकळं. मग पुन्हा ऐकवलं. आणि या वेळी मी त्या खोलीत होते, पण कोपऱ्यात नाही. चौरंगावर बसून ऐकावं तसं एक ओळ या कानाशी गात होती आणि दुसरी त्या कानाशी उत्तर देत होती. आबांचा बटणावरचा हात कधी खाली आला, ते त्यांनाही कळलं नसावं.

निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. बोलक्या मात्र त्यांनी पुसायला लावला. "त्याले घरी ली जाय. माले रातले भेव वाटी."

पुन्हा मेहरूण

एरंडोलच्या अलीकडे बस ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकली. हिरामणभाऊंचा फोन आला, मंडळाचा माणूस आलाय, चहा पाजून बसवून ठेवतो. मग पुन्हा आला, दुसरा चहा झाला. वैदेही पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून बसली होती.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाऊंनी पेनड्राइव्ह लावला. तो माणूस, भाऊ, आम्ही दोघी. गाणं सुरू झालं आणि भाऊंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अरे, अक्का एका बाजूला गेली. मधे तर काहीच नाही. चुकलंय वाटतं. थांब, दोन मिनिटांत मध्ये आणतो." त्यांचा हात माउसकडे गेला.

"भाऊ, नको," वैदेही म्हणाली. पण भाऊ मदत करायला लागले की त्यांना ऐकू येत नाही.

"हात काढा."

कमलवहिनी दारात उभ्या होत्या. उद्याच्या रोटांची कणीक कोपरापर्यंत लागलेली. त्या आत आल्या, दोन स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये येऊन थांबल्या आणि ऐकत राहिल्या. भाऊंचा हात तसाच अधांतरी.

"आईकडे असंच ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "चौरंगाला टेकून झोपायची मी लहानपणी. मध्ये ती बसते, तुम्ही काय भरताय तिथे?"

भाऊंनी हात मागे घेतला. मंडळाच्या माणसानं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि बाहीनं डोळे पुसल्यासारखं केलं, घाम असेल.

रविवारी मंडपात कानबाई बसली. डोळे लावलेली, नथ घातलेली, हिरव्या वस्त्रातली. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये ती. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, आवाजाचं काम, वैदेही, चिपळूण. मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चिपळूण नीट लिहिलंय ना?" मग आम्ही गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर आणि पुरणपोळी जेवलो. रोट मात्र मिळाले नाहीत, ते भाऊबंदांतच खातात. भाऊ त्यावरून फार हळहळले.

चिपळूणला येऊन आता बरेच महिने झाले. वैदेहीनं कंपनीला पत्र लिहिलं, कोणत्या बटणाला नाव नाही, सगळं एकेक सांगून. तुमची सूचना पुढे पाठवली आहे, असं गोड उत्तर आलं. फोनवरच्या गटातल्या सगळ्यांनी लिहिलं, सगळ्यांना तेच गोड उत्तर. हिरामणभाऊंनी मात्र आबांकडून जुनं व्हर्जन आणलं, आपल्या मशीनचं इंटरनेट काढून टाकलं, आणि लग्नातल्या गाण्यांचं काम वैदेहीलाच दिलं. पण असं मशीन किती दिवस कोंडून ठेवणार? तिला ती काळजी असतेच.

भाऊंनी एक दुसरं मशीन घेतलंय, त्यात बोलक्या उतरवून ठेवलाय. कंपनीचं नवं काही आलं की ते आधी त्यावर टाकतात आणि इकडे फोन लावतात. मागच्या आठवड्यात असाच आला. मी नारळ खवत होते, वैदेहीनं फोन मोठ्यानं लावला.

"बेटा, नवीन आलंय. घेऊ का? आधी ऐक."

पलीकडून बोलक्या सुरू झाला. "बटण. बटण. बटण."

"अजून नाही, भाऊ," ती म्हणाली.

"बटण. बटण. आवाज पट्टी, पहिला ट्रॅक. बटण."

माझा हात खवणीवर थांबला. वैदेही उठून उभी राहिली होती.

"थांबा भाऊ," ती म्हणाली, "परत ऐकवा."